तिथून कोपरा दिसतो

ही गोष्ट माझ्या सख्ख्या मामाची आहे. ऐकीव नाही. यातला प्रत्येक कागद मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय, आणि शेवटचा प्रसंग तर माझ्या देखत घडला. ज्यांना खोटं वाटेल त्यांना वाटू दे. मामाही कुणाच्या मागे लागत नाही.

आणि हो, यात रात्र नाही. पडका बंगला नाही, विहीर नाही.

शनिवार होता. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं झाली होती. लख्ख ऊन. फुटबॉलचं स्टेडियम, आणि आजूबाजूला सतरा हजार माणसं.

एवढ्या गर्दीत कुणी घाबरतं का?

मामा घाबरला.

पण त्याआधी त्याचं काम सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

मामा स्टेडियम बांधणाऱ्या एका कंपनीत होता. प्रेक्षक खुर्चीवर बसला की त्याच्या डोळ्यापासून मैदानातल्या बॉलपर्यंत एक सरळ रेषा जाते. त्या रेषेत पुढच्याचं डोकं, एखादा खांब किंवा कठडा येता कामा नये. हे बघणं मामाचं काम. आधी नकाशावर बघायचं, आणि स्टेडियम बांधून झालं की प्रत्यक्ष जाऊन खुर्चीवर बसून बघायचं. सगळ्या खुर्च्यांवर नाही. खांबाजवळच्या, कठड्याजवळच्या, जिथे शंका येईल त्या खुर्च्यांवर. तरी एकेका स्टेडियममध्ये दीड-दोन हजार भरायच्या.

आमच्या घरात याची कायम थट्टा व्हायची. सगळं जग बसून राहतं म्हणून बोलणी खातं आणि याला त्याचा पगार मिळतो, असं आई म्हणायची. ऑफिसात त्याचं नावच 'बैठेसाहेब' पडलं होतं.

कामाची पद्धत ठरलेली होती. मामाचा एक जोडीदार होता, त्याच्याच वयाचा. तो मैदानाच्या कोपऱ्यात लाल झेंडा धरून उभा राहायचा. दोघांकडे वॉकीटॉकी. मामा खुर्चीवर बसला की तो विचारायचा,

"दिसतो का?"

मामा म्हणायचा, "दिसतो."

फॉर्मवर बरोबरची खूण. मग पुढची खुर्ची.

"दिसतो का?"

"दिसतो."

दिवसभर हेच. मामी सांगते, झोपेतसुद्धा तो मधूनच 'दिसतो' म्हणायचा. तेव्हा आम्ही हसायचो.

या स्टेडियमचं काम संपायचा तो शेवटचा दिवस होता. पूर्वेच्या स्टँडमधला ग ब्लॉक. नवव्या रांगेतल्या चौदा खुर्च्या तेवढ्या राहिल्या होत्या.

ती रांग जरा अडचणीतली. तिच्या पुढेच प्रेक्षकांना आत यायचा बोगदा होता आणि बोगद्याच्या तोंडाला कठडा. नकाशात तो कठडा बारीक गजांचा होता. लावणाऱ्यांनी तो चार बोटं उंच केला आणि गजांच्या जागी पत्रा ठोकला. जास्त मजबूत म्हणून.

साडेपाच वाजले होते. जोडीदाराला बस पकडायची होती. मामाचा गुडघा सकाळपासून ठणकत होता.

जोडीदाराने वॉकीटॉकीवर विचारलं, "साहेब, किती राहिल्यात?"

"चौदा."

"उद्या यायचं?"

मामाने खाली पाहिलं. पायरीवर उभं राहून कोपरा स्वच्छ दिसत होता. झेंडाही दिसत होता. चौदा खुर्च्यांसाठी उद्या एवढ्या लांब कोण येणार?

"जा तू. झालंच म्हण."

त्याने त्याच कठड्याच्या पत्र्यावर फॉर्म टेकवला आणि उभ्या उभ्या चौदा खुणा केल्या. एकाही खुर्चीवर तो बसला नाही.

बसला असता तर कळलं असतं. नवव्या रांगेतल्या चौदा नंबरच्या खुर्चीवरून कोपरा दिसत नव्हता.

स्टेडियम सुरू झालं. पहिल्याच मोसमात एक पत्र आलं. अक्षर मोत्यासारखं. लिहिणारे आजोबा घड्याळं दुरुस्त करायचे. वय एकाहत्तर. अख्ख्या मोसमाचं तिकीट काढलेलं, ग ब्लॉक, नऊ, चौदा. त्यांनी लिहिलं होतं की डावीकडचा कोपरा मला दिसत नाही. कॉर्नरची किक कुणी मारली ते शेजाऱ्याला विचारावं लागतं. उभा राहिलो तर दिसतो, पण माझ्या मागे माणसं बसतात. त्यांची अडचण कशाला करू? कृपया एकदा बघून घ्यावं.

पहिल्या पत्राला ऑफिसने नेहमीचं उत्तर धाडलं. दुसरं पत्र आलं ते मामाच्या टेबलावर.

मामाने फॉर्म काढला. आपल्याच हाताच्या त्या चौदा खुणा त्याने पाहिल्या. त्या सगळ्या एकाच तिरप्या झपाट्यात केलेल्या होत्या.

तिथे त्याला थांबता आलं असतं. तासाभराचं काम होतं. जायचं, बसायचं, बघायचं आणि पत्रा काढायला सांगायचा. पण मग खूण आधी कशी केली, असं कुणीतरी विचारलं असतं. एक खूण खोटी निघाली तर बाकीच्या दोन हजारांवर कोण विश्वास ठेवणार? तीस वर्षांचं नाव होतं त्याचं.

त्याने उत्तर लिहिलं. मी ते वाचलंय.

'आमच्या माणसाने आपल्या खुर्चीवर प्रत्यक्ष बसून पाहिले आहे. तिथून कोपरा दिसतो.'

आठ दिवसांनी तिसरं पत्र आलं. दोनच ओळी.

'आपण म्हणता तसेच असेल. माझेच डोळे अधू झाले असावेत. तसदीबद्दल क्षमस्व.'

मामाने ते फाइलला लावलं. "मला बरं वाटलं गं," तो मला म्हणाला. "सुटलो असं वाटलं. आता तुला सांगायची लाज वाटते, पण तसंच वाटलं."

पाच आठवड्यांनी ते आजोबा गेले. स्टेडियममध्येच.

शेवटची मिनिटं होती आणि कॉर्नर मिळाला होता. आजोबा उठले. मागच्यांना त्रास नको म्हणून कमरेत वाकले आणि वाकूनच बाजूच्या पायऱ्यांवर सरकले, कठड्याच्या पलीकडचा कोपरा दिसावा म्हणून. डोळ्यांवर नवा चष्मा होता, वर लांबचा आणि खाली जवळचा अशा दोन नंबरांचा. पायरी आहे त्यापेक्षा जवळ दिसली, पाय चुकला आणि ते खाली बोगद्याच्या तोंडापर्यंत गडगडत गेले.

चौकशी झाली. एका पानाची. नव्या चष्म्यामुळे पायरीचा अंदाज चुकला, खुर्च्यांच्या मांडणीत दोष नाही. सोबत पुरावा म्हणून मामाचा फॉर्म जोडला होता.

चौदाव्या खुर्चीला लाल पट्टी बांधून ती बंद ठेवली. मामाने कुणालाही काही सांगितलं नाही. मामीलाही नाही.

पुढच्या मोसमाच्या मध्यावर स्टेडियमच्या मॅनेजरचा फोन आला.

"बैठेसाहेब, जरा येऊन जा. बाकी स्टँड भरतोय, आणि ग ब्लॉकला मधोमध टक्कल पडलंय."

मामा गेला. मॅनेजर बोलका माणूस. त्याने कागदांचा गठ्ठाच पुढे टाकला.

"चारशे बारा खुर्च्या आहेत. पहिल्या मॅचला सगळ्या भरल्या होत्या. मागच्या शनिवारी एकसष्ट माणसं. तिकीट परत करून दुसरा ब्लॉक मागतात."

"कारण काय सांगतात?"

"दिसत नाही म्हणतात. डावा कोपरा."

मामाने हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"नवव्या रांगेतले?"

"नववी रांग तर जवळजवळ रिकामीच असते हो, त्या अपघातापासून. मागचे म्हणतात. आधी दहावी रांग म्हणायला लागली. मग अकरावी, मग बारावी. आता पंधराव्या रांगेपर्यंत आलंय."

"हे शक्य नाही," मामा म्हणाला. आणि ते खरंच शक्य नव्हतं. जितकी मागची रांग तितकी उंच. मागच्यांना तो कठडा आडवा येऊच शकत नाही.

"मीही तेच म्हणतो. बिचारे डोळे तपासून येतात. कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याची चांदी झालीय." मॅनेजर हसला. "बाकीच्यांना मी तुमचंच पत्र पाठवतो. नाव बदलायचं आणि धाडायचं. तिथून कोपरा दिसतो. किती मुद्देसूद लिहिलंय तुम्ही."



त्या शनिवारी तो मॅचला गेला. दहावी रांग, चौदा नंबर. बरोबर त्या खुर्चीच्या मागे.

पुढच्या खुर्चीला लाल पट्टी होती. पट्टीच्या आत खुर्ची मिटलेली. या खुर्च्या दुमडत्या असतात. माणूस बसला की खाली येतात आणि उठला की आपोआप वर जाऊन मिटतात.

चार वाजता मॅच सुरू झाली. मामाने मैदानाकडे पाहिलं. उजवा कोपरा दिसत होता. समोरचा गोल, मधली रेषा, सगळं स्वच्छ.

मग त्याने डावीकडे मान वळवली.

आणि तिथे...

कोपरा नव्हता.

मध्ये काही आडवं आलेलं नव्हतं. काळं नाही, धूसर नाही. गवत एका तिरप्या रेषेपर्यंत यायचं आणि तिथेच संपायचं. त्यापलीकडे बघायला गेलं की नजर आपोआप घसरून दुसरीकडे जायची. मामाने डोळे चोळले. पुन्हा पाहिलं.

एक खेळाडू बॉल घेऊन पळत त्या रेषेपाशी आला.

रेषा ओलांडली.

आणि नव्हता.

दोन क्षण काहीच नाही. मग त्या रिकामपणातून बॉल उडत बाहेर आला आणि गोलसमोर पडला. सतरा हजार माणसं ओरडली. मामाच्या रांगेत मात्र कुणी ओरडलं नाही. शेजारच्या माणसाने चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि परत लावला.

"तुम्हालाही नाही ना दिसत?" त्याने हळूच विचारलं. "मी दोनदा नंबर बदलला. डॉक्टर म्हणतात डोळे ठणठणीत आहेत."



तीस वर्षांची सवय हाताला होती. त्याने पिशवीतून दोरा आणि कोनमापक काढलं. ती तिरपी रेषा मोजली. एकदा, दोनदा, तीनदा.



ती रेषा दहाव्या रांगेतून निघूच शकत नव्हती. तो कोन एकाच जागेवरचा होता. नववी रांग, चौदा नंबर. कठड्याची ती धार तिथे बसलेल्या माणसालाच तशी दिसणार. शिवाय नकाशावर सगळी माणसं एकाच मापाची काढतात, तसा हा माणूस नव्हता. याचे डोळे त्या मापापेक्षा वीतभर खाली होते.

कुणी ठेंगणा माणूस बसला तर त्याला जे दिसेल, तेवढंच मामाला दिसत होतं.

म्हणजे त्या क्षणी तो स्वतःच्या डोळ्यांनी बघतच नव्हता.

त्याची नजर पुढच्या खुर्चीवर गेली.

लाल पट्टी जशीच्या तशी होती.

पण खुर्ची...

खुर्ची खाली आली होती.

ऊन होतं. शेजारी माणूस शेंगा खात होता. ढोल वाजत होता. आणि या सगळ्या गोंगाटात, अगदी जवळून, अदबीने कुणीतरी विचारलं...

"दिसतो का?"

जोडीदाराचा आवाज नव्हता. म्हातारा आवाज. विचारू की नको, अशा बेताने विचारलेला.

मामाने उत्तर द्यायचं असं ठरवलं नव्हतं. तो शपथेवर सांगतो. तीस वर्षं, दिवसाला शंभर वेळा तो शब्द त्याच्या तोंडून गेला होता. तो आपसूक निघाला.

"दिसतो."

खट्.

पुढची खुर्ची मिटली.

मग पायऱ्यांवर पावलं वाजली. घासत घासत, वाकून चालणाऱ्याची असतात तशी. एक पायरी. दुसरी पायरी. मग थांबली.

मग काहीतरी जड खाली पडल्याचा आवाज आला, आणि मग पुन्हा, आणखी खाली.

मामाने त्या दिशेला बघितलं नाही. डोळे गच्च मिटून, दोन्ही हातांनी खुर्ची धरून तो बसून राहिला. आजूबाजूला कुणालाच काही ऐकू गेलं नव्हतं. मॅच संपली, स्टँड रिकामा झाला, झाडणारे आले, तेव्हा कुठे तो उठला.

आता त्याने जाऊन सगळं सांगून टाकलं असेल असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटलं होतं.

त्याने पत्रा काढून टाकला.

देखभालीचं काम दाखवून, गुपचूप. त्या जागी बारीक गज बसवले, उंचीही कमी केली. एका सकाळी रिकाम्या स्टेडियममध्ये जाऊन, पट्टी सोडून, पहिल्यांदाच तो चौदाव्या खुर्चीवर बसला. जोडीदाराला कोपऱ्यात उभं केलं. झेंडा दिसला. चांगला स्वच्छ दिसला. मामा मला म्हणाला, "मला वाटलं, चूक दुरुस्त केली की झालं. ती कुणाची होती हे कशाला सांगायचं?"

पुढच्या मॅचनंतर मॅनेजरचा फोन.

"साहेब, आता सोळावी रांग. काय करू, मैदान उचलून पलीकडे ठेवू?"

त्या रात्री मामा जेवला नाही. मामीने खोदून खोदून विचारलं तेव्हा पहिल्यांदा त्याने तिला सगळं सांगितलं. 

मामी म्हणाली, "त्यांच्या घरी कोण आहे?"

"एक मुलगी आहे."

"मग तुम्ही इथे काय करताय?"

बुधवारी दुपारी तो त्या दुकानात गेला. अरुंद दुकान, भिंतभर घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी. काउंटरमागे आजोबांची मुलगी बसली होती. चाळिशीची असेल. डोळ्याला भिंग लावून काम करत होती.

"या काका. काय झालंय घड्याळाला?"

आणि मामाने काय केलं असेल? हातातलं चांगलं चालणारं घड्याळ काढून तिच्यापुढे ठेवलं. म्हणाला, तारीख अडकते.

तिने ते उघडलं. मामाने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. कुठल्याशा समारंभातला फोटो होता. एक ठेंगणा म्हातारा दोघांच्या मध्ये उभा होता. दोघांच्याही खांद्याला लागत होता.

"वडील का?"

"हो." ती काम करता करताच बोलत होती. "त्यांच्यासारखा हात माझा नाही. सत्तराव्या वर्षीसुद्धा केसासारखा स्क्रू भिंगाशिवाय बसवायचे. मग कुठूनसं पत्र आलं आणि त्यांच्या मनाने घेतलं की डोळे गेले. बायकांची छोटी घड्याळं घेणंच बंद केलं. म्हणायचे, कुणाचं चांगलं घड्याळ बिघडवून ठेवीन."

मामाने काउंटरची कड धरली.

"मीच मागे लागले चष्म्यासाठी. त्यांना नको होता. चक्कर येते म्हणत होते. त्या दिवशी तर काढून ठेवून निघाले होते, मी दारातून हाक मारून परत बोलावलं आणि घालायला लावला." तिने घड्याळाचं झाकण लावलं. "नसता घातला तर आज इथे बसले असते. घड्याळ बरं आहे काका. काही झालेलं नाही याला."

मामाने घड्याळ उचललं. मनगटाला बांधलं. बरं म्हणाला. आणि दाराकडे वळला.

हो, वळला. तो स्वतः सांगतो, मी निघालो होतो.

दाराशी पोचला, आणि मागे...

घड्याळं थांबली.

सगळी. एकदम.

त्या शांततेत, अगदी कानाशी, तोच अदबीचा आवाज आला.

"दिसतो का?"

मामा तिथेच उभा राहिला. तोंडापर्यंत तोच शब्द आला होता. दात आवळून त्याने तो मागे ढकलला.

"नाही," तो म्हणाला. "नाही दिसत."

"काय नाही दिसत?" मुलीने विचारलं. घड्याळं चालू होती. ती कधी थांबलीच नव्हती, असं ती नंतर म्हणाली.

मामा परत आला आणि उभ्यानेच सगळं बोलला. चौदा खुर्च्या, गुडघा, बस, त्या खुणा, ते पत्र. मध्ये कुठेही स्वतःची बाजू घेतली नाही.

ती ऐकत राहिली. मग तिने एकच विचारलं.

"म्हणजे बाबांचे डोळे..."

"चांगले होते. त्यांना बरोबरच दिसत होतं. मी त्या खुर्चीवर बसलोच नव्हतो."

तिने भिंग काढून ठेवलं. रडली नाही, ओरडली नाही. फोटोकडेही पाहिलं नाही. मामाच्या मनात आलं, हिने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

"लिहून द्या," ती शेवटी म्हणाली. "ते पत्राला पत्रानेच उत्तर द्यायचे. त्यांचं शेवटचं पत्र माफीचं होतं ना? त्याला उत्तर द्या."

तिने कागद दिला, स्वतःच्या हाताने पेन दिलं. मामाने तिथेच लिहिलं.

'आपल्या खुर्चीवर बसून कुणीही पाहिले नव्हते. तिथून कोपरा दिसत नव्हता. आपले डोळे अधू नव्हते. चूक माझी होती आणि मी ती लपवली. क्षमा मी मागायला हवी होती.'

त्याची एक प्रत ऑफिसला गेली, एक मॅनेजरला. पुढे जे व्हायचं ते झालं. नोकरी गेली. चौकशी पुन्हा उघडली. चौकशीच्या कागदावर कारण म्हणून चष्मा होता, त्या जागी मामाचं नाव आलं. नातेवाइकांत बोललं गेलं, माझ्या आईनेच चार गोष्टी सुनावल्या. मामाने सगळं ऐकून घेतलं.

त्याच आठवड्यापासून ग ब्लॉकच्या तक्रारी बंद झाल्या. माणसं हळूहळू परत आली. मोसम संपेपर्यंत चारशे बाराच्या चारशे बारा खुर्च्या भरल्या. चौदा नंबरची पट्टी सोडली. त्या खुर्चीचं तिकीट आजोबांच्या मुलीने काढलं. तिने मामाला निरोप धाडला होता, चारच शब्दांचा.

'काका, इथून कोपरा दिसतो.'

गोष्ट इथे संपली असती तर मी लिहायलाच बसले नसते.

मामाला कोपरा दिसत नाही.

कुठल्याच मैदानाचा. आपल्या स्टेडियममध्ये नाही, दुसरीकडे नाही, टीव्हीवरसुद्धा नाही. फुटबॉलचं मैदान आलं की डावीकडे ती तिरपी रेषा येते आणि पुढचं सगळं गळून जातं. तीन डॉक्टर झाले. तिघांनीही सांगितलं की डोळे उत्तम आहेत. तरी मामाने चष्मा करून घेतलाय, तसाच दोन नंबरांचा. त्याला चक्कर येते. तरी घालतो.

मामी म्हणते, दिवसातून कधीतरी तो मध्येच थांबतो. घास हातात असतो, नाहीतर वर्तमानपत्र. मान जरा तिरकी करतो आणि अगदी नम्रपणे म्हणतो,

"नाही. नाही दिसत."

मग पुन्हा जेवायला लागतो.

मी मामीची समजूत घातली होती. म्हटलं, मनाला लागून राहिलंय, दुसरं काही नाही. होईल कमी.

गेल्या रविवारी मी त्याच्याकडे गेले होते. सकाळचे अकरा वाजले होते. मामी बाहेर गेली होती. घरात आम्ही दोघंच. टीव्हीवर कुठलीतरी जुनी मॅच चालू होती, आवाज बंद करून ठेवलेला. मी शेजारच्या खुर्चीवर बसून भाजी निवडत होते.

कॉर्नर मिळाला. खेळाडू बॉल ठेवायला कोपऱ्यात गेला.

मामाने मान तिरकी केली.

"नाही," तो म्हणाला. "नाही दिसत."

 हात थांबले होते माझे.

टीव्हीचा आवाज बंद होता. मी त्याला काही विचारलं नव्हतं.

पण प्रश्न मलाही ऐकू आला होता.